बुलपेनमध्ये बसलेल्या पिचरला पत्र

प्रिय पोरा,

तुझा मेसेज वाचला. बेसबॉलच्या नव्या सरांनी तुला सुरुवात करणाऱ्या पिचरांमधून (म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांमधून) काढून बुलपेनमध्ये, म्हणजे सामन्याच्या मध्ये बोलावल्या जाणाऱ्या पिचरांच्या जागेत, बसवलं, आणि तुला वाटतंय की हा घरी पाठवण्याचाच सभ्य मार्ग आहे. फोनवर हे सगळं नीट बोलता आलं नसतं, म्हणून पत्र लिहितोय. सवडीने वाच.

तुला वाईट वाटतंय ते चुकीचं नाही. स्टार्टर, म्हणजे सुरुवातीचा पिचर, असलास की सामना तुझ्या हातून सुरू होतो. आपला दिवस कोणता हे आधीपासून ठाऊक असतं. झोप, जेवण, व्यायाम सगळं त्या दिवसाभोवती बांधलेलं असतं. तो मान आता गेला. ‘दोन्ही कामं सारखीच रे’ असं कोणी सांगितलं तर त्याचं ऐकू नकोस. अमेरिकेच्या सर्वोच्च मेजर लीगमध्येसुद्धा चांगल्या स्टार्टरला मध्येच बदली येणाऱ्या रिलीव्हरपेक्षा जास्त पैसे मिळतात आणि बरेचसे रिलीव्हर एकेकाळी स्टार्टर व्हायलाच निघालेले असतात. पण ‘आता माझं संपलं’ हा जो निष्कर्ष तू काढलायस, तो मला अजिबात पटत नाही. का, ते सांगतो.

डेनिस एकर्स्लीला तू क्लोजर, म्हणजे नऊपैकी शेवटची इनिंग (डाव) टाकून सामना संपवणारा पिचर, म्हणून ओळखतोस. त्याच्या आधीची बारा वर्षं तुझ्या जास्त कामाची आहेत. १९७५ मध्ये तो क्लीव्हलँडकडून मेजर लीगमध्ये आला. १९७७ मध्ये त्याने नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्यांना एकही हिट दिला नाही. १९७८ मध्ये बॉस्टनकडून २० सामने जिंकले. १९८६ संपेपर्यंत त्याच्या नावावर १५१ विजय जमले होते, आणि ते जवळपास सगळे स्टार्टर म्हणून. पण त्याच १९८६ मध्ये शिकागो कब्सकडून त्याने ६ सामने जिंकले नि ११ हरले. वय ३२. त्यात दारूचं व्यसन. हंगाम संपल्यावर तो उपचारांसाठी दाखल झाला आणि दारू सोडली. १९८७ च्या एप्रिलमध्ये, नवा हंगाम तोंडावर असताना, शिकागोने त्याला ओकलंडला देऊन टाकलं. बदल्यात काय घेतलं? खालच्या मायनर लीगमधली तीन पोरं. वीस सामने जिंकलेल्या माणसाची बाजारात तेवढीच किंमत उरली होती.

ओकलंडला मॅनेजर होता टोनी ला रूसा आणि पिचिंग कोच डेव्ह डंकन. त्यांनी त्याला बुलपेनमध्ये पाठवलं. त्यालाही ते उतरणंच वाटलं. त्याला स्टार्टरच राहायचं होतं. त्या वर्षी सुरुवात करायला मिळाली फक्त दोन सामन्यांत. मग क्लोजर जे हॉवेल दुखावला, शेवटची इनिंग एकर्स्लीकडे येऊ लागली आणि हंगाम संपेपर्यंत त्याच्या नावावर १६ सेव्ह (आघाडी टिकवून संपवलेले सामने) झाले. पुढच्या वर्षी ४५. १९९२ मध्ये ५१ सेव्ह, आणि साय यंग (सर्वोत्तम पिचरचा) व सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही पुरस्कार एकाच वर्षी. २००४ मध्ये हॉल ऑफ फेम.

हे आकडे तुला इंटरनेटवर कुठेही सापडतील. मला तुला दाखवायचंय ते वेगळंच आहे: ला रूसा आणि डंकनने नेमकं काय हेरलं?

एकर्स्लीचा हात बाजूने येई. उजव्या बॅटरला तो चेंडू पाठीमागून आल्यासारखा वाटायचा, पण डावऱ्या बॅटरला तो लवकर दिसायचा. स्टार्टर असताना समोरचा मॅनेजर मुद्दाम डावरे बॅटर भरायचा आणि तेच बॅटर एका सामन्यात तीन-तीनदा त्याच्यासमोर यायचे. तिसऱ्या वेळेपर्यंत कोणत्याही पिचरचं गुपित उघडं पडतं, तुझंही पडतं. सहाव्या इनिंगला तुला मार बसतो तो काही दमल्यामुळेच नाही. एका इनिंगचं काम असलं की तीन-चार बॅटर समोर येतात आणि प्रत्येक जण एकदाच. खोट तीच राहते, पण ती उघडी पडायला वेळच मिळत नाही. या दोघांची ही हुशारी मला सगळ्यात जास्त आवडते. बत्तीस वर्षांच्या माणसाची खोट दुरुस्त करत बसण्यापेक्षा, ती खोट जिथे कमीत कमी नडेल असं काम त्यांनी त्याच्यासाठी शोधलं. तुझ्या सरांनी तुला हलवलं त्यामागेही असा विचार असू शकतो. त्यांना सरळ विचार. मला वाईट का वाटतंय ते सांगत बसू नकोस. माझ्याकडून कोणत्या वेळी, कोणत्या बॅटरसमोर काय हवंय, एवढंच विचार.

आता एकर्स्लीने स्वतः काय केलं ते बघ. १९८९ आणि १९९० हे दोन हंगाम मिळून त्याने १३१ इनिंग टाकल्या आणि त्यात वॉक (चार चुकीचे चेंडू टाकून बॅटरला फुकट दिलेला बेस) दिले सात. दोन अख्ख्या हंगामांत सात! तू गेल्या स्पर्धेत दोन सामन्यांत तेवढे दिलेस. १९९० मध्ये नऊ इनिंगमागे त्याच्यावर लागलेल्या धावांची सरासरी होती ०.६१. बुलपेनमध्ये गेलं की एकाच इनिंगसाठी सगळा जोर लावता येतो, म्हणून बहुतेकांचा वेग थोडा वाढतो, आणि पोरं त्या वेगावरच खूश होतात. वेग वाढला तर हवाच आहे. पण रिलीव्हरचं खरं भांडवल म्हणजे स्ट्राइक, बॅटरजवळच्या प्लेटवरून नेमक्या जागी जाणारा चेंडू. स्टार्टरने पहिल्या इनिंगला वॉक दिला तर भरून काढायला पुढे आठ इनिंग असतात. तू येशील तेव्हा एका धावेची आघाडी असेल, कदाचित दुसऱ्या बेसवर माणूस असेल. लय सापडेपर्यंत थांबायला कोणाकडे वेळ नसेल.

आणि त्याच माणसाने एकदा वॉक दिला तेव्हा काय झालं तेही बघून घे. १५ ऑक्टोबर १९८८, लॉस एंजेलिस, वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना. नववी इनिंग, ओकलंड ४-३ ने पुढे, दोन बाद. समोर माइक डेव्हिस. तो आदल्या वर्षीपर्यंत ओकलंडचाच होता, त्याची ताकद एकर्स्लीला ठाऊक होती. पुढच्या बॅटरच्या जागी तयारी करत उभा होता एक साधा हिटर. एकर्स्ली डेव्हिसला जपून टाकत राहिला आणि वॉक देऊन बसला. तो साधा हिटर मग आत गेला आणि दोन्ही पाय दुखावलेला कर्क गिब्सन लंगडत बाहेर आला. मध्येच डेव्हिसने दुसरा बेस चोरला. काउंट गेला तीन-दोनवर, म्हणजे तीन चुकीचे चेंडू आणि दोन स्ट्राइक. एकर्स्लीने स्लायडर टाकला, बाहेरून येऊन प्लेटच्या कडेवर वळणारा, आणि गिब्सनने तो नुसत्या हातांच्या जोरावर उजवीकडच्या प्रेक्षकांत पाठवला. सामना संपला. सगळे त्या स्लायडरबद्दल बोलतात. मी माझ्या पोरांना त्याआधीचा वॉक दाखवतो.

त्यानंतरचं मला फार मोलाचं वाटतं. लॉकररूममध्ये तो पत्रकारांसमोर उभा राहिला आणि एकेकाच्या प्रश्नाला उत्तर देत राहिला. कोणावर ढकललं नाही, पळून गेला नाही. ओकलंड ती सिरीज हरलं. पुढच्या वर्षी ओकलंडने वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा शेवटचा बाद करायला माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) तोच होता. रिलीव्हरला हे यावंच लागतं, कारण तू हरशील तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हरशील आणि सर दुसऱ्या दिवशी पुन्हा तुलाच बोलावतील.

परतीची वाट बंद झाली का, असंही तू विचारलंयस. अटलांटाच्या जॉन स्मोल्ट्झने १९९६ मध्ये २४ सामने जिंकून साय यंग मिळवला. २००० मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली, अख्खं वर्ष गेलं. परतल्यावर स्टार्टर म्हणून कोपर साथ देईना, म्हणून तो बुलपेनमध्ये गेला आणि २००२ मध्ये ५५ सेव्ह केले. २००५ मध्ये पुन्हा स्टार्टर झाला, त्याच वर्षी तो ३८ वर्षांचा झाला. २०० विजय आणि १५० सेव्ह दोन्ही गाठणारा तो एकटाच आहे. म्हणजे वाट आहे. पण परत जायचंय म्हणून बुलपेनमध्ये अर्ध्या मनाने बसलास तर दोन्हीकडून जाशील.

आता तुझ्या सरावाबद्दल. चार प्रकारचे चेंडू टाकायची आता गरज नाही. फास्टबॉल आणि स्लायडर, एवढ्यावर लक्ष दे. चेंजअप, तो संथ चेंडू, एखाद्या डावऱ्यासाठी राखून ठेव. तो कर्व्ह मात्र सोड, नाहीतरी दहातले चारच तुझ्या मनासारखे पडतात. मोठा वाइंडअप (चेंडू टाकण्याआधीची लांब हालचाल) विसर, सगळं स्ट्रेचमधूनच, म्हणजे आखूड हालचालीने, टाक, कारण बेसवर माणूस असतानाच तुला बोलावणार आहेत. सरावाला आलास की दुसऱ्या बेसवर कोणाला तरी उभं कर आणि त्याला सारखं पळायला सांग. मोजकेच चेंडू टाकून तयार व्हायला शीक. आपल्या मैदानावर बुलपेन म्हणजे फाउल लाइनपलीकडचा खडबडीत कोपरा; तिथे पाय नीट रोवता येत नाही, म्हणून पोरं उगाच चाळीस-चाळीस चेंडू टाकत राहतात आणि माउंडवर जाण्याआधीच दमतात. तयार होऊन परत बसलास तरी ते चेंडू खांद्यातून गेलेलेच असतात, हे सरांना माहीत असायला हवं. त्यांचा हिशोब तूच ठेव.

आणखी एक. आधीच्या पिचरने बेसवर ठेवलेली माणसं तुझ्या चेंडूवर घरी आली तर त्या धावा त्याच्या नावावर लागतात, तुझ्या नाही. म्हणजे तुझी सरासरी स्वच्छ दिसेल आणि सामना तूच घालवलेला असेल. म्हणून वहीत दोनच रकाने कर: आलो तेव्हा बेसवर किती होते आणि त्यातले घरी किती गेले; आणि प्रत्येक बॅटरला पहिला चेंडू स्ट्राइक होता का. पहिल्या पाच-सहा सामन्यांनंतर त्या पानाचा फोटो मला पाठव, मग आपण पुढचं बोलू. आणि खांदा दुखत असेल तर ते आत्ताच, मला नाही तर निदान सरांना, सांगून टाक.

तुझा,
सर