आप्पांना खरं सांगा, आणि पुढच्या बैठकीत बोला

पत्र : ताई, मी पुण्यात पालिकेत नोकरीला आहे. वडील सफाई कामगार होते, वारसा हक्काने त्यांच्या जागी मी लागलो. आप्पा आता ७१ वर्षांचे आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. माझ्या पगारातून आणि त्यांच्या पेन्शनमधून वैद्यकीय योजनेचं अंशदान कापलं जातं, बिलाचा मोठा भाग त्यातून भागतो. आता ही योजना बंद करून विमा कंपनीकडे द्यायचं चाललंय. बैठकीत माझ्याच वयाची पोरं म्हणाली, ‘आपले पैसे म्हातारे खातात, बंद झालेलंच बरं.’ मी गप्प बसलो. आप्पा रोज विचारतात, ‘काय झालं रे योजनेचं?’ मी सांगतो, काही नाही. परवापासून म्हणायला लागलेत, ‘दोनदाच केलं तरी चालेल की.’ काय करू?
– एक मुलगा, धनकवडी

उत्तर :
दादा, तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची ओळ शेवटची आहे. आप्पांना सगळं कळलंय. जुने सोबती फोन करतात, पेन्शनर एकमेकांना भेटतात, तिथे हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही. तुम्ही ‘काही नाही’ म्हणता, तेव्हा पोराला आपला भार होतोय असा अर्थ ते काढतात आणि स्वतःच्या उपचारात काटकसर करायला निघतात. डायलिसिसची एक पाळी कमी करणं जिवावर बेतू शकतं. तो निर्णय किडनीच्या डॉक्टरांचा, तुमचा नाही आणि आप्पांचाही नाही. आजच त्यांच्याशेजारी बसा आणि आहे तसं सांगा : चर्चा आहे, तुमची डायलिसिस एकदाही चुकणार नाही, पुढचं आपण दोघं मिळून बघू.

आता त्या पोरांचं. मला त्यांचा राग येत नाही. दर महिन्याला पैसे कापले जातात आणि हातात काही येत नाही, म्हणून चिडतात. त्यांना ही योजना भिशीसारखी वाटते, आपला नंबर कधी लागणार असं. पण इथे ज्याचा नंबर कधीच लागत नाही, तो नशीबवान. आप्पांनी पहाटे आरोग्य कोठीवर हजेरी लावून पेठांमधले रस्ते झाडले, तेव्हा त्यांच्याही पगारातून कपात होत होती आणि त्यावर त्या वेळचे म्हातारे बरे होत होते. आप्पा कुणाचं खात नाहीत. पुढच्या बैठकीत हे तुम्हीच सांगा, कारण तिथे बसलेल्यांत हे घरातून माहीत असलेले तुम्ही आहात. आवाज चढवू नका, पण सांगा.

आणि ‘विमा घेतला की सुटलो’ असं समजणाऱ्यांना हेही सांगा, की सामूहिक पॉलिसी दरवर्षी नव्याने होते. या वर्षी दावे जास्त आले, तर पुढच्या वर्षी कंपनी हप्ता वाढवते. शिवाय विम्याला रकमेची मर्यादा असते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस असलेल्या माणसाची ती वर्ष संपायच्या आत संपू शकते. म्हणून संघटनेने प्रशासनाला लेखी विचारावं : निवृत्तांना घेणार का? जुने आजार पहिल्या दिवसापासून धरणार का? रक्कम संपल्यावर पुढचं बिल कोण भरणार? खोलीच्या भाड्यावर मर्यादा घातलीय का? ती ओलांडली तर बऱ्याच पॉलिसींत बाकीचं बिलही त्या प्रमाणात कापतात, हे लोकांना डिस्चार्जच्या दिवशी कळतं. तोंडी आश्वासनावर उठून येऊ नका.

घाबरून एजंटच्या नादी मात्र लागू नका. पालिकेची योजना ही विमा कंपनीची पॉलिसी नाही, त्यामुळे तिथली वर्षं पोर्टेबिलिटीत, म्हणजे जुन्या पॉलिसीची वर्षं नव्या कंपनीकडे नेण्याच्या सोयीत, धरली जात नाहीत. डायलिसिसवर असलेल्या माणसाला नवी वैयक्तिक पॉलिसी मिळणं फार अवघड, आणि मिळालीच तर आधीच्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ‘आजार लिहायचा नाही, मी बघतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा, दावा नाकारायला कंपनीला तेवढंच पुरतं. तुमच्यासाठी, बायको-मुलांसाठी मात्र धडधाकट असतानाच लहानशी पॉलिसी जरूर घ्या. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटीही नाही.

आप्पांसाठी वाट आहे. ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मिळतं आणि त्यात डायलिसिस बसतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनाही आता पांढऱ्या शिधापत्रिकेला लागू आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेतल्या लोकांना वय वंदना किंवा त्यांची ती योजना यातलं एकच निवडावं लागतं, तसं तुम्हालाही विचारलं जाऊ शकतं. म्हणून पालिकेची योजना चालू आहे तोवर कुठेही ‘ही सोडतो’ असं लिहून देऊ नका, पण कागद तयार ठेवा. सध्याचं डायलिसिस केंद्र या योजनांच्या यादीत आहे का, ते विचारा. नसेल तर ससूनमध्ये आणि मंगळवार पेठेतल्या कमला नेहरू रुग्णालयात चौकशी करून ठेवा. मागची बिलं अडकली असतील, तर योजना चालू असतानाच सादर करून पोच घ्या.

आणि आप्पांचं आधार कार्ड आधी काढून बघा. त्या पिढीच्या बऱ्याच लोकांची जन्मतारीख तिथे अंदाजाने टाकलेली असते, आणि वय वंदना कार्डासाठी वय आधारवरूनच धरतात. चुकली असेल तर दुरुस्तीला वेळ लागतो, ते काम याच आठवड्यात करा.