महामार्गाचं काम चालू असलेल्या पट्ट्यातून रात्री गाडी चालवताना काय काळजी घ्यावी?

तुमचा प्रश्न तीनदा वाचला. पनवेल ते कणकवली, पहिल्यांदाच स्वतः गाडी घेऊन, मागे आई-वडील, गणपतीची गर्दी. काम चालू असलेल्या पट्ट्यांत काय सांभाळायचं आणि रात्री निघायचं की पहाटे, एवढंच विचारलंय. त्यावर कुणीतरी उत्तर दिलंय, 'बोर्ड बघत जा, बाकी काही नाही.' ते वाचून राहवलं नाही, कारण ते बोर्ड लावणारा माणूस मी होतो.

२०१७ ते २०२० मी याच मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणावर, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका टप्प्यावर, ट्रॅफिकचा सुपरवायझर होतो. पद ऐकायला बरं वाटतं. हाताखाली नऊ पोरं, एक पिकअप, शंभरेक ड्रम, लाल-हिरवी निशाणं आणि रेडियमची रिळं. शंकू मोजत नाही, कारण ते रात्रीत गायब व्हायचे. कंपनीचं नाव आणि गाव सांगणार नाही.

बोर्ड कसे लावायचे याचं पुस्तक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसचं एसपी ५५, २०१४ ची सुधारित आवृत्ती. त्यात कामाच्या जागेचे चार भाग केलेत: आधी सूचना, मग गाड्या हळूहळू एका बाजूला सरकवणारी तिरकी रांग, मग प्रत्यक्ष काम, मग परत मूळ रस्त्यावर आणणारा तुकडा. कागदावर सुंदर. पण कोकणातल्या पावसात दुपारी लावलेला बोर्ड संध्याकाळी चिखलाने माखलेला असतो, वाऱ्याने तोंड फिरवून बसलेला असतो, नाहीतर एखाद्या डंपरवाल्याने वळताना आडवा केलेला असतो. म्हणून बोर्ड दिसला तर चांगलंच, पण बोर्ड दिसला नाही म्हणजे काम नाही असं धरून चालू नका.

आता माझी गोष्ट. माझा आतेभाऊ डोंबिवलीला असतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. वीस वर्षं दर गणपतीला गाडी घेऊन येतो आणि दरवर्षी तेच वाक्य: 'हा रस्ता मला पाठ आहे.' २०१८ ला चतुर्थी १३ सप्टेंबरला होती. हा ११ च्या रात्री आमच्याच टप्प्यातून येत होता. रस्त्याखालून पाणी जायच्या एका मोरीसाठी आम्ही जुन्या रस्त्याची अर्धी बाजू खोदली होती. अलीकडे पाचशे मीटरवर पहिला बोर्ड, दोनशेवर दुसरा, मग ३० ची मर्यादा, मग बाण, आणि मग ड्रमची तिरकी रांग. अकरा ड्रम. मी स्वतः मोजून लावलेले, त्याच दुपारी.

अकराच्या सुमारास फोन आला. मी पोचलो तेव्हा गाडीचं पुढचं डावं चाक खड्ड्यात लोंबकळत होतं, चेंबर फुटून ऑइल पाण्यावर पसरलं होतं, आणि टपावर बांधलेलं पुठ्ठ्याचं मखर मोरीच्या चिखलात उपडं पडलं होतं. (त्याच वर्षी थर्माकोल बंद झालं म्हणून दादरहून मुद्दाम आणलेलं.) आत्याचं मनगट मोडलं. त्या वर्षी मोदक आमच्याच घरून तिच्याकडे गेले. बाकी सगळे धड होते. आणि दादा काय करत होता? आमच्या निशाणवाल्या पोराची कॉलर धरून उभा. झारखंडचा पोरगा, विशीसुद्धा पार केलेली नसेल. माझ्यादेखत त्याच्या कानाखाली दिली.

दादाचं म्हणणं तेव्हाही तेच होतं, आजही तेच आहे: 'समोर रस्ता सरळ मोकळा दिसत होता. ड्रम नव्हतेच. आणि मी काही पळवत नव्हतो, ऐंशीच्या वर गेलोच नाही.' मी टॉर्च घेऊन चिखलातली ब्रेकची खूण पावलांनी मोजली. खड्ड्याच्या कडेपासून सहा पावलांवर सुरू होत होती. म्हणजे साहेबांनी ब्रेकवर पाय ठेवला तो सहा पावलं उरल्यावर.

ऐंशी म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. साध्या दिव्यात, अप्पर न मारता, आपल्याला नीट दिसतं ते चाळीस-पन्नास मीटर, पावसात त्याहून कमी. दिसलं, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर गेला, एवढ्यातच निम्मं अंतर संपतं. आणि मग ओला रस्ता. हे गणित मी दादाला दहा वेळा सांगितलं. त्याने उलट २०१९ नंतर घरच्या ग्रुपवर मोटार वाहन कायद्याचं कलम १९८ अ टाकलं, तीन उद्गारचिन्हांसकट. रस्त्याच्या कामात नियम पाळले नाहीत आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. कलम खरं आहे, चांगलंही आहे. पण ते ऐंशीने येणाऱ्याला सूट देत नाही, एवढंच मी खाली लिहिलं. त्यावर आत्याने मला 'मेल्या, गप बस' म्हणून व्हॉइस मेसेज पाठवला.

तर तुमच्या प्रश्नाकडे येतो. पाठ असलेला रस्ता विसरा. तुम्ही पहिल्यांदा येताय हे मला चांगलंच वाटतं. मे महिन्यात उजवीकडून गेलेलं डायव्हर्जन गणपतीला डावीकडून असतं, कधी कालचं आज नसतं. मोबाइलवरच्या नकाशाला हे कळत नाही, तो 'सरळ जा' सांगतो. आमच्या काळात खड्ड्यात गेलेल्या गाड्या बहुतेक नेहमी येणाऱ्यांच्या होत्या.

सगळ्यात वाईट जागा खड्डा नाही, डायव्हर्जन संपल्यासारखं वाटतं ती. नवा काँक्रीटचा रस्ता लागतो, मध्ये दुभाजक दिसतो, माणूस सुटकेचा श्वास सोडतो आणि उजव्या लेनला जाऊन पळवतो. पण पलीकडची बाजू तयार नसेल तर समोरून येणाऱ्या गाड्याही याच बाजूला सोडलेल्या असतात. ओळखायचं कसं? दुभाजकापलीकडे बघा. दोन-तीन मिनिटं तिकडे एकही दिवा दिसला नाही, तर त्या गाड्या कुठून येणार? तुमच्याच समोरून. डावीकडे राहा.

दुसरं, काँक्रीटची कडा. नवीन स्लॅब जुन्या डांबरापेक्षा फूटभर वर असतो आणि मध्ये भराव नसतो. एक चाक खाली उतरलं तर लगेच स्टिअरिंग मारून वर चढायला जाऊ नका. टायर कडेला घासत राहतो, मग एकदम चढतो आणि गाडी समोरच्या लेनमध्ये फेकली जाते. हळू करा, खालूनच चाला, उतार दिसेल तिथे वर या. जिथे एका दिवसाचं काम थांबतं किंवा पुढची लेन जोडायची असते, तिथे स्लॅबमधून सळया बाहेर आलेल्या असतात. आता माझं टायरचं दुकान आहे, त्यामुळे हे तोंडपाठ: पावसाळ्यात माझ्याकडे येणारे बाजूने फाटलेले टायर बरेचसे या कडेचे असतात. बाजूने फाटलेल्या टायरला पंक्चर काढून भागत नाही, नवाच घ्यावा लागतो. निघताना स्टेपनीत हवा बघा. यात माझं नुकसान आहे, तरी सांगतो.

'एसटीच्या मागे राहा' हा सल्ला तुम्हाला प्रत्येक जण देईल. बरोबर आहे, ड्रायव्हर रोजचा असतो. पण चिकटून नको. एसटी ज्या उंचवट्यावरून सहज जाते तिथे तुमच्या गाडीचं पोट घासेल, आणि तिच्या पाठीमागे असताना तुम्हाला तो उंचवटा दिसणारच नाही.

चारी इंडिकेटर लावून चालवू नका. पावसात सगळे लावतात. मग डायव्हर्जनला तुम्ही वळताय की सरळ जाताय हे मागच्याला कसं कळणार? थांबलात तर लावा.

आणि निशाणवाला. हे मनापासून वाचा. एकेरी वाहतूक असते तेव्हा दोन टोकांना दोन पोरं असतात. मोबाइलला रेंज असली तर एकजण फोनवर सांगतो, 'लास्ट गाडी लाल टेम्पो.' दुसऱ्याने लाल टेम्पो बाहेर पडताना बघितला की तो आपली बाजू सोडतो. रेंज नसते तिथे आम्ही शेवटच्या गाडीवाल्याच्या हातात काठी द्यायचो, ती त्याने पलीकडच्या पोराला द्यायची. ती काठी पोचल्याशिवाय तिकडून कुणी सुटत नाही. आता या टेम्पोच्या मागून तुम्ही निशाण न जुमानता 'एकच गाडी तर आहे' म्हणून घुसलात, तर पलीकडच्या पोराच्या हिशेबात तुम्ही नाहीच. तो समोरून चाळीस गाड्या सोडतो. मधोमध गाठ पडते, एका बाजूला खड्डा, मागे जायला जागा नाही, आणि मग दोन्हीकडचे लोक उतरून त्या पोराला आईवरून शिव्या देतात. तासाभराचा ट्रॅफिक जॅम असा होतो. ठेकेदार चोर असेल, सरकार झोपलेलं असेल, २०११ पासून चाललेल्या कामाला काय म्हणायचं ते म्हणा. पण चिखलात बारा तास उभ्या असलेल्या पोरावर काच खाली करून ओरडू नका.

दुचाकीवाल्यांसाठी वेगळं लिहायला हवं. एवढंच सांगतो, काँक्रीटवर सांडलेल्या ओल्या मुरमावर पुढचा ब्रेक दाबू नका.

रात्री की पहाटे? पहाटे. अवघड पट्टे उजेडात येतील असा हिशेब करा. गर्दीचं मी सांगू शकत नाही, ती आता दोन्ही वेळी असते.

आता एक गोष्ट राहिली. वर मी दादाला बरंच बोललोय, पण खोटं लिहून उपयोग नाही. त्या रात्री अकरापैकी नऊच ड्रम जागेवर होते. गणपतीआधी खड्डे भरायचे म्हणून रोलर आत घेतला होता आणि त्यासाठी दोन ड्रम बाजूला सरकवलेले, नेमके मधले. पावणेदहाला त्या पोराचा मला फोन आला होता: 'साहब, दो ड्रम हटा है, अकेले से नहीं हिलता.' वाळूने भरलेला ड्रम एकट्याने हलत नाही हे मलाही माहीत होतं. मी घरी मखराला दिव्यांची माळ लावत होतो. 'जेवून येतो' म्हणालो. त्यामुळे 'समोर रस्ता मोकळा दिसत होता' हे दादाचं म्हणणं खरं आहे, तिरक्या रांगेत बरोबर एका गाडीची फट होती. तो पोरगा थप्पड खाऊनही फोनबद्दल एक अक्षर बोलला नाही. आठवड्याने हिशेब घेऊन गावी गेला.

तेव्हा वर लिहिलेलं 'बोर्डावर विसंबू नका' हे मी माझ्याच भरवशाबद्दल लिहिलंय असं समजा. आमच्यासारखी माणसं जेवायला गेलेली असतात.

दादा, वाचत असशील तर: दोन ड्रम हललेले होते आणि फोन मला आला होता. आणि तरीही तू ऐंशीनेच होतास.