अमेरिकेतल्या छोट्या गावातल्या बँकेची जुनी नोट घ्यावी का?

तुम्ही विचारलंय की १९०२ सिरीजची, गावच्या बँकेचं नाव असलेली दहा डॉलरची नोट मिळतेय, थोडी मळकी आहे, घेऊ का. मळकी आहे म्हणून सोडू नका, आधी बँक कुठली ते बघा.

या नॅशनल बँक नोटा १८६३ च्या कायद्याने सुरू झाल्या आणि १९३५ ला बंद पडल्या. बँकेने सरकारी बाँड ट्रेझरीकडे (म्हणजे सरकारी खजिन्याकडे) ठेवायचे आणि सरकारने तिच्या नावाच्या नोटा छापून द्यायच्या, असा हिशोब. १९०० साली नियम ढिले झाले, छोट्या गावात २५ हजार डॉलर भांडवलावर बँक काढता यायला लागली, मग काय, आयोवा म्हणा टेक्सास म्हणा, गावोगावी फर्स्ट नॅशनल बँक! नाव सगळीकडे तेच, म्हणून नोटेवरचा चार्टर नंबर, म्हणजे बँकेच्या सरकारी परवान्याचा नंबर, बघायचा, तो प्रत्येक बँकेचा वेगळा (१ नंबर फिलाडेल्फियाचा, शेवटचे १४ हजारांच्या वर).

तुमच्या नोटेवर राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीचा फोटो असेल. तीच नोट शिकागोच्या मोठ्या बँकेची असेल तर ढिगाने मिळते, पण एखाद्या गावच्या बँकेच्या दोन-तीनच नोटा उरल्यात असं असेल तर फाटकी असली तरी लोक तुटून पडतात. किती नोटा माहितीत आहेत त्याची यादी संग्राहकांनी केलेली आहे, ती बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

मला स्वतःला सह्यांचं वेड आहे. नोटा न कापलेल्या शीटमध्ये यायच्या, त्यावर बँकेचे कॅशियर आणि प्रेसिडेंट सही करायचे आणि तिथेच कापायचे, त्यामुळे कड वाकडी दिसली तर घाबरू नका. कुठे कुठे कॅशियर बाई असायची, तशी सही मिळाली तर भारीच. रबरी शिक्क्याच्या सह्या मात्र उडून जातात आणि मग कोणीतरी नवीन शाईने गिरवतो, ते भिंगातून नीट बघा. धुवून इस्त्री केलेल्या नोटाही खूप फिरतात, कागद मऊ आणि तरीही नको तितका पांढरा दिसला की समजायचं. महाग असेल तर पीएमजीचं (नोटा तपासून दर्जा ठरवणारी कंपनी) ग्रेडिंग झालेलीच घ्या.

पुढे काय जमवायचं म्हणाल तर एकच काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) धरा. सगळी अमेरिका धरलीत तर खिसा आणि आयुष्य दोन्ही पुरणार नाही.