मसाल्याच्या साइटच्या नावात ‘मसाला’ हवाच का?

तुमचा प्रश्न असा आहे : आईच्या हातचा गोडा मसाला आणि भाजणी ऑनलाइन विकायची आहे. ओळखीतला एकजण ‘गोडा मसाला’ आणि ‘ऑनलाइन’ हे दोन्ही शब्द असलेलं, त्यानं आधीच घेऊन ठेवलेलं डोमेन (म्हणजे साइटचा इंटरनेटवरचा पत्ता) ४०,००० रुपयांना द्यायला तयार आहे. ‘नावातच कीवर्ड आहे, गुगलवर आपोआप वर येईल’ असं तो म्हणतो. कीवर्ड म्हणजे लोक शोधताना टाइप करतात ते शब्द. घ्यावं का?

नका घेऊ. तेवढ्या पैशांत बरण्या, लेबलं आणि एका बऱ्या फोटोग्राफरचा दिवस निघेल.

तो माणूस अगदीच खोटं बोलतोय असं मात्र नाही. त्याची माहिती चौदा-पंधरा वर्षं शिळी आहे, इतकंच. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण त्या काळात हाच माल मीही विकलाय. २०१०-११ च्या सुमारास मी सांगलीतल्या लहान दुकानदारांच्या साइट करायचो. गावाचं नाव, धंद्याचं नाव, मध्ये एक आडवी रेघ, की झालं डोमेन. आत चार-पाच पानांचा पालापाचोळा असायचा. तरी साइट वर यायची आणि दुकानदार मला चहा पाजायचा.

असं व्हायचं त्याला माझ्या मते दोन कारणं होती. एक तर डोमेनमधले शब्द म्हणजे साइट कशाबद्दल आहे याची खूण, असं सर्च इंजिन धरून चालायचं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कुणी तुमच्या साइटची लिंक दिली, तर तो बहुधा साइटचं नावच लिहितो. नावच ‘सांगली पंप दुरुस्ती’ असेल तर येणाऱ्या प्रत्येक लिंकवर नेमके तेच शब्द, जे गिऱ्हाईक शोधतंय. कुणाला विनंती न करता, फुकटात.

मग २८ सप्टेंबर २०१२ ला गुगलच्या वेबस्पॅम टीमचे (निकालांत लबाडीनं वर येणाऱ्या साइट रोखणाऱ्या गटाचे) तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी ट्विटरवर सांगितलं की एक छोटा बदल येतोय. शोधाच्या शब्दांशी हुबेहूब जुळणारं नाव, पण आत दर्जा नाही, अशा साइट निकालांत कमी दिसतील. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी ०.६ टक्के शोधांवर परिणाम होईल, असा आकडा त्यांनी दिला होता. आकडा किरकोळ वाटतो, पण माझी आडव्या रेघांची नावं पुढच्या काही महिन्यांत एकेक करून घसरली. टिकली एकच, मोटर रिवाइंडिंगवाल्याची. तो मला दर आठवड्याला फोन करून गिऱ्हाइकांचे प्रश्न सांगायचा आणि ‘हे घाला साइटवर’ म्हणून मागे लागायचा. मोटर का जळते, किती हॉर्सपॉवरला किती तांब्याची तार, भाव काय, सगळं त्या साइटवर होतं. नाव बाकीच्यांसारखंच होतं. फरक त्याच्या फोनांचा होता.

आजची स्थिती गुगलनं स्वतःच्याच मार्गदर्शिकांत लिहून ठेवली आहे : डोमेनमधले शब्द हा अनेक घटकांपैकी एक, पण शोधाशी जुळवून घेतलेल्या नावांना वाजवीपेक्षा जास्त श्रेय मिळू नये म्हणून वेगळी यंत्रणा आहे. नवशिक्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत तर याहून सरळ सांगितलंय, की डोमेनमधल्या किंवा पानाच्या पत्त्यातल्या कीवर्डचा रँकिंगवर, म्हणजे निकालांतल्या क्रमांकावर, जवळपास काहीच परिणाम होत नाही. म्हणजे नावात ‘मसाला’ असला म्हणून शिक्षा नाही, आणि बक्षीसही नाही.

आता आपल्या भाषेची गंमत बघा. इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग बहुतेक ठरलेलं असतं. ‘भाजणी’ तुम्ही रोमनमध्ये कशी लिहिणार? ‘जे’नंतर ‘ए’ घालून की न घालता? थालीपीठात डबल ‘ई’ की ‘आय’? आणि गोडा रोमनमध्ये लिहिला की परगावचा माणूस तो ‘गोदा’ वाचायला मोकळा. हुबेहूब जुळणारं नाव म्हणे, पण जुळणार कुणाच्या स्पेलिंगशी? गिऱ्हाईक तर आता देवनागरीत टाइप करतं, नाहीतर फोनला तोंडानं सांगतं. एका ‘ए’वरून प्रकरण कोर्टापर्यंतही गेलंय. नौकरी डॉट कॉमवाल्यांनी, मध्ये जादा ‘ए’ घालून तसंच डोमेन चालवणाऱ्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयातून २००२ मध्ये मनाई हुकूम मिळवला. सामान्य शब्दाचं नाव चालू शकतं हे त्यांनी दाखवलं, पण ते १९९७ पासून त्या शब्दावर पैसा आणि घाम ओतत होते.

शिवाय असं नाव पायात बेडीसारखं अडकतं. उद्या आई म्हणाल्या की कांदा-लसूण मसालाही करू, दिवाळीला चकलीचं पीठ देऊ, मग? झोमॅटो आधी फूडीबे होतं. २०१० मध्ये नाव बदललं आणि नव्या नावात खाण्याचा उल्लेखही राहिला नाही. काही अडलं नाही.

पत्त्याच्या शेवटी ‘.कॉम’ऐवजी ‘.भारत’ घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. देवनागरीतलं ‘.भारत’ ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालं आणि मराठीही त्यात आहे. दिसायला देखणं, पण यंत्रं आतून ते ‘एक्सएन’ आणि दोन रेघांनी सुरू होणाऱ्या अगम्य अक्षरमाळेत लिहितात. पत्ता कॉपी करून पाठवला की कधीकधी तीच माळ समोरच्याला दिसते आणि त्याला वाटतं, काहीतरी फसवणुकीची लिंक आली. हौसेनं जोडीला ठेवा, मुख्य नको. मुख्य ‘.इन’ चालेल. त्यावरून गुगलला साइट भारतासाठी आहे हे कळतं. मसाला अमेरिकेतल्या मराठी घरांतही पाठवायचा असेल तर ‘.कॉम’ बरं.

जुनं डोमेन घेण्यात आणखी एक गोम असते. ते आधी कुणाकडे होतं? इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था साइटच्या जुन्या प्रती जपून ठेवते, तिच्या वेबॅक मशीनवर जुनी पानं बघता येतात. एका ओळखीच्या बाईंनी घेतलेल्या ‘जुन्या, वजनदार’ डोमेनवर आधी जुगाराची जाहिरात चालायची. ते निस्तरायला माझे चार महिने गेले.

मग नाव कसं निवडायचं? मी एकच चाचणी करतो. गावाकडच्या आत्याला फोन लावायचा, नाव एकदाच सांगायचं आणि लिहून घ्यायला सांगायचं. तिनं ‘आडवी रेघ कुठली गं?’ असं विचारलं की ते नाव बाद. आईंचं नाव, घराण्याचं नाव, वाड्याचं नाव, काहीही चालेल. ‘गोडा मसाला’ हे शब्द पानाच्या शीर्षकात, मजकुरात आणि फोटोंच्या वर्णनात येऊ द्या, तिथे त्यांचा उपयोग आहे. गुगलवरच्या व्यवसायाच्या नोंदीत मात्र पाटीवर आहे तेच नाव लिहा. तिथे ‘बेस्ट गोडा मसाला’ वगैरे चिकटवणारे काही दिवस वर दिसतात, पण ते नियमाविरुद्ध आहे आणि नोंद बंद पडू शकते.

आणि हो, डोमेन कुणीही घेऊन दिलं तरी ते तुमच्या स्वतःच्या ईमेलवर आणि नावावर घ्या. ४०,००० मागणारे गृहस्थ ‘मीच सांभाळतो, दरवर्षी पैसे द्या’ म्हणाले असतील, तर डोमेन कुणाच्या नावावर राहणार ते आधी तपासा.