चष्मा घालवावा, पण हप्त्यावर नको

तुमचे वय २७, पुण्यात आयटीतली नोकरी, हातात येणारा पगार ४२,००० रुपये आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे ४.५. लेसर शस्त्रक्रियेचे ८५,००० रुपये बारा हप्त्यांत फेडावेत, चष्मा-लेन्सवरचे वर्षाचे ९,००० रुपये वाचून साडेनऊ वर्षांत ते वसूल होतील आणि काही भार मेडिक्लेम उचलेल, असा हिशेब तुम्ही पत्रात मांडला आहे.

मेडिक्लेमचा भरवसा आधी सोडावा लागेल. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित अपवादांनुसार ७.५ डायॉप्टरपेक्षा (डायॉप्टर म्हणजे चष्म्याच्या नंबराचे एकक) कमी नंबर घालवण्याचा खर्च वैयक्तिक आरोग्य विम्यात वगळता येतो, आणि बहुतेक पॉलिसींत तो वगळलेलाच असतो. कंपनीच्या गटविम्यात कधी वेगळी तरतूद असते. ती असल्याचे लेखी उत्तर मिळेपर्यंत सगळी रक्कम आपल्याच खिशातली समजावी.

वसुलीच्या हिशेबातही एक गोष्ट राहून गेली आहे. चाळिशी सर्वांनाच लागते. लेसर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा आकार बदलतो, वयानुसार ताठर होत जाणारे आतले भिंग तसेच राहते. उलट, आज चष्मा काढून जवळचे वाचण्याची जी सोय तुम्हाला आहे, ती शस्त्रक्रियेनंतर उरत नाही. म्हणून बचत चाळिशीपर्यंतच्या तेरा वर्षांचीच धरू. ८५,००० रुपये ७ टक्के दराने तेवढ्या काळात सुमारे २ लाख ५ हजार होतात, तर दरवर्षी वाचणारे ९,००० त्याच दराने गुंतवले तर १ लाख ८१ हजार. डोळ्यांत घालायचे थेंब आणि तपासण्या यात धरलेल्याच नाहीत. तेव्हा ही गुंतवणूक नव्हे, सोयीसाठी केलेला खर्च आहे. सकाळी उठल्यावर चष्मा न चाचपडता समोरचे स्पष्ट दिसावे, ही इच्छा मला पूर्णपणे रास्त वाटते आणि तिच्यासाठी खर्च करण्यात काही चूक नाही. तो कर्जाने करू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

कारण तुमची गंगाजळी ६०,००० रुपयांची आहे आणि महिन्याचा खर्च ३०,०००. म्हणजे नोकरीत खंड पडला तर दोनच महिने निभतील, आणि त्यात ७,०८३ रुपयांचा हप्ता मानेवर असेल. कार्डावरच्या ‘बिनव्याजी’ हप्त्यांनाही बहुधा प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुम्ही दरमहा १२,००० शिल्लक टाकता. पहिल्या अडीच महिन्यांत गंगाजळी ९०,००० पर्यंत न्या, पुढच्या सात महिन्यांत शस्त्रक्रियेची रक्कम वेगळ्या आवर्ती ठेवीत जमवा.

हे दहा महिने वाया जाणार नाहीत. आठ महिन्यांपूर्वी तुमचा नंबर ४ वरून ४.५ झाल्याचे तुम्हीच लिहिले आहे, आणि नंबर किमान वर्षभर स्थिर राहिल्याशिवाय डॉक्टर सहसा ही शस्त्रक्रिया करत नाहीत, कारण तो नंतर वाढला तर चष्मा परत येतो. म्हणजे तुमच्या पैशाला आणि डोळ्याला थांबण्याची सारखीच गरज आहे.

तपासणी मात्र आत्ताच करून घ्या. लेन्स वापरणे डॉक्टर सांगतील तितके दिवस आधी बंद ठेवावे लागते. पारदर्शक पडदा पातळ निघाला किंवा त्याचा आकार शंकास्पद असला तर लेसर टाळावे लागते, आणि डोळ्यात भिंग बसवण्याचा पर्याय बराच महाग पडतो. मग जमवायची रक्कमच बदलेल. दिवसभर संगणकाच्या पडद्यासमोर बसून डोळे कोरडे पडत असतील तर तेही सांगा, कारण शस्त्रक्रियेनंतर कोरडेपणा काही महिने वाढू शकतो, आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसण्याची तक्रारही काहींना राहते.

८५,००० मध्ये दोन्ही डोळे, तपासण्या, औषधे, पुढच्या भेटी आणि नंबर उरल्यास पुन्हा करावी लागणारी दुरुस्ती यांपैकी काय काय येते, हे लेखी घ्या. त्याआधी आगाऊ रक्कम भरू नका. शस्त्रक्रियेपूर्वीचे सर्व अहवाल कायम जपून ठेवा, कारण पुढे मोतीबिंदूच्या वेळी भिंगाचा नंबर ठरवताना डॉक्टर तेच मागतील.