वृत्तवाहिन्यांच्या 'हो / नाही' जनमत चाचण्यांमधून लोकांचं खरं मत कळतं का?

चर्चेच्या कार्यक्रमात पडद्यावर '७२ टक्के लोक म्हणतात हो' असं झळकतं, ते जनमत मानायचं का, असा तुमचा प्रश्न आहे. क्लिक करून किंवा मिस्ड कॉल देऊन घेतलेला कौल असेल तर सरळ सोडून द्या. तिथे उत्तर कोणी द्यायचं हे उत्तर देणाराच ठरवतो, आणि एखाद्या गटाने लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवली की तासाभरात पारडं फिरतं. लाखोंनी मत दिलं म्हणून असा कौल सुधारत नाही. अमेरिकेत १९३६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या, आणि रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं जाहीर झालं. प्रत्यक्षात रूझवेल्ट जवळपास ६१ टक्के मतं घेऊन निवडून आले.

पण नमुना, म्हणजे ज्यांना प्रश्न विचारायचा ते लोक, नीट निवडलेल्या चाचणीतही घोळ होतो, आणि तो बहुतेक वेळा प्रश्नातच असतो. जानेवारी २००३ मधलं प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेचं सर्वेक्षण घ्या. सद्दाम हुसेनची राजवट संपवण्यासाठी इराकमध्ये लष्करी कारवाई करावी का, असं विचारल्यावर ६८ टक्के अमेरिकन 'हो' म्हणाले. त्यातच 'आपले हजारो सैनिक मारले गेले किंवा जखमी झाले तरी?' एवढं जोडलं, तेव्हा पाठिंबा ४३ टक्क्यांवर आला. दोन्ही आकडे खरेच आहेत. बऱ्याच लोकांचा पाठिंबा किमतीवर अवलंबून होता, आणि पहिल्या प्रश्नात किंमतच सांगितलेली नव्हती. बातमीत मात्र जागा एकाच आकड्याला मिळते.

आपल्याकडचं उदाहरण बघू. २०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्यावरून महाराष्ट्रात वाद पेटला. एप्रिलमध्ये शासन निर्णय आला, १७ जूनला तो बदलला, आणि २९ जूनला दोन्ही रद्द झाले. आता 'पहिलीपासून हिंदी हवी का? हो / नाही' असा प्रश्न टाकला तर 'नाही'मध्ये कोण कोण येईल? पहिलीच्या मुलांवर तिसरी भाषाच नको म्हणणारे. तिसरी भाषा चालेल, पण ती हिंदीच का, असं विचारणारे. पाचवीपासून हिंदी आहे तेवढी पुरे म्हणणारे. ऐच्छिक ठेवा, सक्ती नको म्हणणारे. शाळेत आहेत त्या विषयांनाच शिक्षक नाहीत, हे रोज बघणारे. जूनच्या निर्णयात दुसरी भारतीय भाषा घेण्याची मुभा होती, पण वर्गातली किमान २० मुलं तयार असतील तरच. या अटीवरच कितीतरी पालकांचा आक्षेप असू शकतो. पडद्यावर हे सगळे एकाच लाल पट्टीत बसतात. मग समोरासमोर बसवलेले दोन प्रवक्ते त्या पट्टीला 'हिंदीविरोध' म्हणायचं की 'मराठीप्रेम', यावर भांडतात, आणि वयाचा, सक्तीचा, शिक्षकांचा मुद्दा चर्चेत येतच नाही. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

हाच विषय नीट विचारायचा तर आधी 'या निर्णयाबद्दल तुम्ही काही ऐकलं आहे का?' हे विचारावं, म्हणजे ऐनवेळी सुचलेली उत्तरं वेगळी काढता येतात. मग इयत्ता, सक्ती आणि भाषेची निवड यांचे तीन स्वतंत्र प्रश्न. त्यानंतर किमतीचा प्रश्न: या तासिकांसाठी कोणत्या विषयाचा वेळ कमी करावा? शेवटी, निम्म्या लोकांना एक शब्दरचना आणि उरलेल्यांना दुसरी. १९४० च्या सुमारास अमेरिकेत लोकशाहीविरोधी भाषणांबद्दल असं करून पाहिलं होतं. मत देणाऱ्यांपैकी ५४ टक्के 'बंदी घालावी' म्हणाले, पण 'परवानगी द्यावी का' असं विचारल्यावर ७५ टक्के 'देऊ नये' म्हणाले. असा फरक पडला की मत अजून पक्कं झालेलं नाही हे ओळखावं आणि दोन्ही आकडे छापावेत.

वाचताना प्रश्न शब्दशः दिलाय का ते आधी बघा. नसेल तर तो आकडा वादात वापरू नका. मग विभागवार तक्ता बघा. १२०० जणांच्या नमुन्यात चूक साधारण ±३ टक्क्यांची धरतात, म्हणजे खरा आकडा तेवढा वर किंवा खाली असू शकतो. तेच लोक राज्याच्या सहा महसुली विभागांत वाटले की प्रत्येकी २०० उरतात आणि चूक ±७ वर जाते. म्हणून नागपूर विभागात ५२ आणि कोकणात ४७ टक्के, यावरून 'विदर्भ विरुद्ध कोकण' असा मथळा देणं चुकीचं आहे.

आणि 'सांगता येत नाही' म्हणणारे किती, ते जरूर शोधा. ४५ हो, ३० नाही आणि २५ सांगता येत नाही असं उत्तर आलं असेल, तर शेवटचे २५ वगळले की तोच निकाल ६० विरुद्ध ४० दिसतो. हो आणि नाहीची बेरीज बरोबर १०० भरत असेल, तर तिसरा पर्याय लोकांना दिलाच नव्हता की नंतर काढून टाकला, हे बातमीत लिहिलंय का ते तपासा.