ठाण्यात खाडीविषयीच्या छोट्या प्रदर्शनात ४ ते ७ वर्षांच्या मुलांना पालकांसह करता येईल असा कोणता उपक्रम ठेवावा?

ठाणे खाडीत येणारा रोहित पक्षी (फ्लेमिंगो) चोच उलटी धरून, जिभेने पाणी आत-बाहेर ढकलत, चोचीतील कंगव्यासारख्या पट्ट्यांत शेवाळ आणि बारीक जीव अडकवतो. हे तक्त्यावर लिहिण्यापेक्षा परातीत गढूळ पाणी व मूठभर नाचणी घालून मुलांच्या हाती चहाची गाळणी आणि मोठ्या भोकांचा झारा द्यावा. परात मुलांच्या कमरेइतक्या उंचीवर, चारही बाजूंनी हात पोहोचेल अशी ठेवावी, म्हणजे आजी किंवा बाबा मागे मोबाइल धरून उभे न राहता समोर बसतील. पालकांसाठी सूचनांची यादी नको, एकच प्रश्न पुरे: 'झाऱ्यातून नाचणी का निसटली?' पाणी सांडणारच, तेव्हा फडकी मुलांच्याच हाताशी असावीत.